काही नाही, दात येतायत!

मंगळवार, सकाळी सव्वाअकरा. कॉन्फरन्स रूममध्ये एसी फुल्ल, स्क्रीनवर क्लायंट, आणि माझी सातवी स्लाइड चालू. खिशातला मोबाइल थरथरला. बघतो तर पाळणाघराच्या मावशी. ‘वन मिनिट’ म्हणून बाहेर कॉरिडॉरमध्ये आलो.

‘‘दादा, बाळीचं अंग गरम लागतंय. आणि सकाळपासून दोनदा पातळ शी झाली.’’

माझी लेक तेव्हा आठ महिन्यांची होती. चार दिवसांपासून नळ उघडा राहिल्यासारखी लाळ गळत होती, हाताला येईल ते तोंडात जात होतं. म्हणजे निदान सोप्पं! मी एमबीबीएस न होता सांगून टाकलं, ‘‘काही नाही मावशी, दात येतायत.’’

‘‘असेल दादा,’’ मावशी म्हणाल्या. त्या ‘असेल’मध्ये एक छोटासा प्रश्न होता. मला तो ऐकू आला नाही. ऐकायचा नव्हता, असं म्हणणं जास्त खरं. आठवी स्लाइड वाट बघत होती ना!

दुपारी बायकोला फोन केला. ती बँकेत, त्यात महिनाअखेर. मी तिलाही तेच सांगितलं. तिने एकच विचारलं, ‘‘अरे, थर्मामीटर लावलं का कोणी?’’ नव्हतं लावलं. मग सातारला आईला फोन. आई म्हणाली, ‘‘अरे, दात येताना होतंच असं. तुला तर किती जुलाब झाले होते!’’ झालं. सेकंड ओपिनियनसुद्धा माझ्याच बाजूने.

संध्याकाळी पावणेसातला पाळणाघरात पोचलो. जुलाब सात झाले होते. दुपारपासूनचा डायपर कोरडा. रडताना डोळ्यांत पाणी नाही. नेहमी मला बघून दोन्ही हात पसरणारी पोर मावशींच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. ताप मोजला... १०२.

पुढचा अर्धा तास ट्रॅफिकमध्ये कसा गेला ते विचारू नका. डॉक्टर मॅडमसमोर बसल्यावरही मी सुरुवात केली ती ‘दात येतायत ना, म्हणून...’ अशीच. मॅडमनी तपासलं, हात धुतले, बोट तिच्या खालच्या हिरडीवरून फिरवलं आणि म्हणाल्या, ‘‘येतोय. दात येतोय हे खरंय. पण एवढा ताप आणि एवढे जुलाब दात आणत नाही. पोटात इन्फेक्शन आहे. सकाळीच आणायचं होतंत.’’

शेवटचं वाक्य त्यांनी अजिबात न रागावता म्हटलं. म्हणूनच जास्त लागलं.

क्लिनिकच्या कोपऱ्यात बसून आम्ही दोघांनी आळीपाळीने तिला चमच्याने ओआरएस पाजलं. दर एक-दोन मिनिटाला एक चमचा. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा सुरू. रात्री सव्वानऊला डायपर जड लागला. शू झाली होती! अप्रेझलच्या पत्रानेसुद्धा मला कधी इतका आनंद दिला नव्हता, शप्पथ. ती तीन दिवसांत बरी झाली. सलाइन लावावं लागलं नाही, हे आमचं नशीब. माझी हुशारी नव्हे.

दात नेमकं करतो काय?

तेव्हापासून मी या विषयाचा जरा पिच्छाच पुरवलाय. मॅडमना प्रश्न विचारून भंडावलं, मिळेल ते वाचलं. आणि एक लक्षात आलं. आपण दाताला जेवढं बदनाम करतो, तेवढा तो बिचारा गुन्हेगार नाही.

आधी वेळापत्रक. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास दिसतो, पण चौथ्यापासून बाराव्या महिन्यापर्यंत कधीही आला तरी नॉर्मल. बहुतेक मुलांना आधी खालचे मधले दोन, मग वरचे मधले दोन, मग त्यांच्या शेजारचे. पहिल्या दाढा वर्षाच्या पुढे, सुळे दीड वर्षाच्या आसपास, आणि शेवटच्या दाढा दोन ते पावणेतीन वर्षांच्या दरम्यान. एकूण दुधाचे दात २०. शेजारच्या बाळाला पाचव्यात दात आला आणि आपलं दहाव्यातही बोळकंच आहे, म्हणून रात्र जागवू नका. दीड वर्षापर्यंत एकही दात दिसला नाही, तर मात्र दाखवून घ्या. आणि वरचे दात आधी आले तर मामाला जड, असं आपल्याकडे म्हणतात. क्रम थोडा मागेपुढे झाला तर ना बाळाला काही होत, ना मामाला. (मामाच्या खिशाला मात्र होऊ शकतं. चांदीची वाटी काय भाव आहे सध्या!)

आता त्रास. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या डॉक्टरांनी सव्वाशे बाळांच्या पालकांना रोजच्या रोज नोंदी ठेवायला सांगितल्या आणि २००० साली निष्कर्ष छापले. दात बाहेर येण्याआधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस, असा आठ दिवसांचा काळ. त्यात काय वाढलं? चावणं, लाळ, हिरड्या चोळणं, किरकिर, जाग येणं, कान चोळणं, तोंडाभोवती पुरळ, घन आहार नको म्हणणं आणि तापमान किंचित वर जाणं. काय वाढलं नाही? जुलाब, उलट्या, खोकला, १०२ च्या वरचा ताप, अंगभर पुरळ. आणखी एक गंमत म्हणजे एकही लक्षण असं सापडलं नाही, की ते दिसलं म्हणजे दात येणारच असं छातीठोकपणे सांगता येईल. २०१६ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेतला. त्यांचंही म्हणणं तेच. हिरड्यांची जळजळ, किरकिर, लाळ हे खरं. तापमान थोडं वाढतं हेही खरं. पण त्याला ताप म्हणता येत नाही.

मग आपल्या सगळ्यांच्या आयांना जुलाब आणि ताप दिसले, ते काय खोटे होते? अजिबात नाही. ते खरेच होते. फक्त दातामुळे नव्हते.

बघा ना, सहाव्या महिन्यात एकदम काय काय घडतं. आईकडून पोटातच मिळालेली प्रतिकारशक्ती साधारण याच सुमाराला ओसरत जाते. वरचं खाणं सुरू होतं. बाळ पालथं पडून, सरकून, रांगून जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. रिमोट, चपला, आपल्या लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा. आणि आणखी एक गोष्ट, जी कुठल्या पुस्तकात या यादीत नसते. २०१७ पासून आपल्याकडे कायद्याने बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली. पूर्वीच्या १२ आठवड्यांच्या मानाने खूपच छान. पण २६ आठवडे म्हणजे किती? सहा महिने. बाळाची प्रतिकारशक्ती कमी होते, पहिला दात डोकावतो, आणि नेमकी त्याच मुहूर्तावर आईची रजा संपते आणि बाळ पाळणाघरात जातं. इतर दहा बाळांमध्ये आणि त्यांच्या दहा प्रकारच्या सर्दीमध्ये!

आता हिशेब करा. २० दात, प्रत्येकी आठ दिवस. दात जोडीजोडीने येतात हे धरलं तरी पहिल्या अडीच वर्षांतले काही महिने बाळाला कुठला ना कुठला दात येतच असतो. त्या काळात बाळ आजारी पडलं, तर दात तिथे हजर असणारच. घटनास्थळी सापडला म्हणून गुन्हेगार ठरला, एवढंच.

रजा न लागणारा आजार

मग हे ‘दात येतायत’ इतकं चिवट कसं? मला याचं उत्तर त्या मंगळवारी कॉरिडॉरमध्ये मिळालं होतं. फक्त तेव्हा समजलं नाही.

दात येणं हा जगातला एकमेव आजार आहे, ज्याला सुट्टी लागत नाही. ताप आला म्हटलं की हाफ डे टाकावा लागतो, बॉसला मेसेज करावा लागतो, बायको जाणार की मी जाणार यावर पाच मिनिटं वाद घालावा लागतो. दात म्हटलं की विषय संपला. नैसर्गिक आहे, सगळ्यांना होतं, आपोआप जातं. आठवी स्लाइड पुढे चालू.

आणि या बाबतीत आपण पहिले नाही हं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दात येणं हे सगळ्या रोगांचं कारण म्हटलं आहे. पण तोच वाग्भट पुढे असंही सांगतो, की या त्रासात बाळाला औषधपाण्याच्या जास्त बंधनात ठेवू नका, दात आल्यावर तो आपला आपण शमतो. पहिलं वाक्य आपण पिढ्यान् पिढ्या जपलं, दुसरं सोयीस्कर विसरलो.

युरोपात तर याहून भयंकर. दाताला ‘वाट करून द्यायची’ म्हणून शेकडो वर्षं डॉक्टर बाळाच्या हिरड्या चिरत होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या मृत्यूच्या नोंदींमध्ये चक्क ‘दात येणे’ हे कारण लिहिलं जायचं. दात येण्याच्या पावडरींमध्ये पारा असायचा. त्यामुळे बाळांचे हातपाय गुलाबी होऊन सोलायचे, बाळं दिवसरात्र तळमळायची, काही दगावायची. हा ‘गुलाबी आजार’ पाऱ्याचा आहे हे कळायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला आणि १९५४ मध्ये ब्रिटनमधल्या पावडरींतून पारा काढण्यात आला. अमेरिकेत १८४९ पासून एक ‘सूदिंग सिरप’ धडाक्याने विकलं जात होतं. दात येणारं बाळ कसं शांत झोपतं बघा, अशी जाहिरात. झोपणार नाही तर काय? त्यात मॉर्फिन होतं. काही बाळं त्या झोपेतून उठलीच नाहीत.

आपल्याकडे काय होतं? मुंबईच्या गिरणगावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन कामावर जात. तिला नाव होतं बाळगोळी. त्या काळच्या सरकारी अहवालांत त्याच्या नोंदी आहेत. वाचताना आधी मला धक्का बसला, थोडा रागही आला. मग विचार केला. खोलीत बघायला कोणी नाही, गिरणीचा भोंगा थांबत नाही, रोज बुडाला तर संध्याकाळची चूल पेटत नाही. त्या बाईने काय करावं? तिचं मन काही दगडाचं नव्हतं. तिच्याकडे रजा नव्हती.

माझ्याकडे होती. सात सीएल शिल्लक होत्या.

म्हणून आता मी कुठल्याही उपायाला एकच प्रश्न विचारतो. हा शांत कोणाला करतोय? बाळाला, की मला?

कपाटातल्या डब्या, बाटल्या

या प्रश्नाच्या चाळणीतून आजचे उपाय काढून बघू.

हिरड्या बधिर करणारी जेल. बेन्झोकेन असलेली जेल दोन वर्षांखालच्या मुलांना वापरू नका, असं अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये बजावलं आणि २०१८ मध्ये तर कंपन्यांना लहान मुलांसाठी ती विकणं थांबवायला सांगितलं. कारण? क्वचित, पण त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच कमी होते आणि ते जिवावर बेतू शकतं. लिग्नोकेनबद्दल त्यांनी २०१४ मध्ये कडक इशारा दिला; पोटात जास्त गेलं तर झटके येऊ शकतात. आपल्या घरात तोंड आल्यावर लावायची जी ट्यूब असते, तिच्यात बऱ्याचदा कोलीन सॅलिसिलेट असतं, काहींत सोबत लिग्नोकेनही. तोंडात लावायची सॅलिसिलेटची जेल १६ वर्षांखाली नको, असं ब्रिटनने २००९ मध्येच ठरवलं. आणि शेवटी लाळ इतकी गळत असते की लावलेली जेल हिरडीवर टिकणार किती वेळ? थोडी पोटात, थोडी लाळेऱ्यावर.

टाकणखाराची लाही मधात कालवून. आमच्या शेजारच्या काकूंनी अत्यंत प्रेमाने सुचवलेला उपाय. काकूंचा हेतू शंभर टक्के चांगला. पण टाकणखार म्हणजे बोरॅक्स. मध आणि बोरॅक्सच्या मिश्रणात बुडवलेली चोखणी दिलेल्या सात बाळांना झटके आल्याचं डॉक्टरांनी १९८३ मध्येच नोंदवून ठेवलंय. आणि नुसता मधही एक वर्षाच्या आत नाहीच. त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो.

गुटी. सहाणेवर उगाळलेल्या वेखंड, जायफळ, मुरडशेंगेचा वास आला की मलाही आजीची आठवण येते. पण जायफळाने बाळ गाढ झोपतं यातच सगळं आलं ना! वेढे किती, सहाण स्वच्छ किती, पाणी उकळलेलं की नाही, हे सगळं अंदाजपंचे. पोट बिघडवायला तेवढं पुरतं. पहिले सहा महिने तर आईच्या दुधाशिवाय काहीच नको. पुढेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

गोड पांढऱ्या गोळ्या. दात येण्याच्या होमिओपॅथिक गोळ्यांबद्दल एफडीएने २०१० आणि २०१६ मध्ये इशारे दिले. तिथल्या काही गोळ्यांमध्ये बेलाडोना या विषारी वनस्पतीचा अंश कमी-जास्त निघाला होता. आपल्याकडच्या सगळ्या गोळ्यांत तो असतो असं नाही. पण लेबल न वाचता ‘गोडच तर आहेत’ म्हणून चार-चार देणं बंद करा.

अंबरच्या मण्यांची माळ. ऑनलाइन फोटोत फार क्यूट दिसते. झोपेत अशा माळेचा फास बसून दीड वर्षाचं मूल दगावल्याची नोंद एफडीएने २०१८ च्या इशाऱ्यात केली आहे. बाळाच्या गळ्यात काहीच नको. काळा दोरा, चोखणीची दोरीसुद्धा नको.

आणि चघळायला अख्खी खारीक किंवा कच्च्या गाजराचा तुकडा. नवा दात त्याचा एवढासा तुकडा पाडतो, आणि श्वासनलिकाही एवढीशीच असते. नकोच.

मग उरलं काय?

उरलं ते फुकट आहे. फक्त त्याला वेळ लागतो.

हात स्वच्छ धुवा, नखं कापलेली असू द्या आणि करंगळीने हिरडी हलकेच, गोल गोल दाबा. मिनिटभरात बाळ तुमचं बोट धरून स्वतःच चावायला लागेल. चावू द्या. नंतर दात आल्यावर हा चान्स मिळणार नाही!

जुन्या मलमलीचं कापड किंवा पंच्याचा स्वच्छ तुकडा पाण्यात पिळून फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीजरमध्ये नव्हे, खालच्या कप्प्यात. गार कापड चावायला बाळांना फार आवडतं. टीदर घ्यायचा तर एकसंध, भरीव रबराचा. आत पाणी भरलेला फुटतो. तोही गारच, गोठवलेला नाही. गोठलेल्या वस्तूने हिरडीला इजा होते. वरचं खाणं सुरू असेल तर गार केळ्याचं शिकरण (साखर न घालता), गार दही चमच्याने द्या.

लाळ टिपत राहा. घासू नका, टिपा. दिवसाला चार-पाच लाळेरी लागतील. हनुवटी आणि मान लाल झाली तर झोपवण्यापूर्वी व्हॅसलिनचा हलका हात.

आणि कडेवर घ्या. हा उपाय यादीत शेवटी येतो, पण लागू पहिला पडतो. आमच्याकडे आम्ही रात्रीच्या शिफ्ट लावल्या. दोनपर्यंत मी, दोननंतर बायको. अंधारात, बाल्कनीत, खांद्यावर गरम श्वास आणि टी-शर्टवर लाळेचा नकाशा. दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोळे चुरचुरतात, कबूल. पण त्या चार-पाच रात्रींमध्ये माझी आणि लेकीची जी ओळख झाली, ती आधीच्या आठ महिन्यांत झाली नव्हती.

खरंच दुखतंय, बाळ तोंडात काहीच घेत नाही, असं असेल तर पॅरासिटामॉल. पण डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेला डोस, आणि तोही रोजची सवय म्हणून नाही. इथे एक महत्त्वाची गोष्ट. ड्रॉप्समध्ये सहसा १ मिलिलीटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं आणि सिरपमध्ये ५ मिलिलीटरमध्ये १२० किंवा २५०. म्हणजे ड्रॉप्स सिरपच्या दुप्पट ते चौपट जहाल! सिरपच्या मापाने ड्रॉप्स पाजले तर काय होईल बघा. बाटली बदलली की लेबल वाचायचं, ड्रॉपर त्याच बाटलीचा वापरायचा. झोपेत डुलतानासुद्धा.

दात दिसला की त्याच दिवसापासून त्याची सेवा सुरू. मऊ ब्रश, तांदळाच्या दाण्याएवढी फ्लुओराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवायचं नाही. आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दातांच्या डॉक्टरांकडे चक्कर. केक नंतर.

आमच्या फ्रिजवरचा कागद

आता मुख्य मुद्दा. दातावर कुठवर ढकलायचं आणि कुठे थांबायचं? आमच्या फ्रिजवर बायकोने एक कागद चिकटवलाय. त्याचीच एक कॉपी मावशींकडे आहे.

लाळ, चावणं, किरकिर, हिरडी सुजलेली, एखादी वाईट रात्र: दात असू शकतो. घरीच बघू.

ताप १००.४ किंवा जास्त: दात नाही. डॉक्टर. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर वेळ न घालवता, लगेच.

पातळ जुलाब, उलट्या: दात नाही. ओआरएस सुरू, दूध चालू ठेवायचं आणि डॉक्टर. (ओआरएसच्या पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला असं लिहिलेलं हवं. टेट्रापॅकमधलं गोड पेय चालत नाही. जुलाबात डॉक्टर झिंकही देतात, ते जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करायचं.)

कान ओढतंय आणि तापही आहे: कानाचं इन्फेक्शन असू शकतं. डॉक्टर.

सहा तास शू नाही, रडताना अश्रू नाहीत, टाळू खोल गेली, डोळे ओढले, बाळ मलूल: मीटिंग सोडा. आत्ता.

आणि अगदी वर, लाल पेनने, बायकोच्या अक्षरात: ‘‘आधी थर्मामीटर. मग मत.’’

मावशींशीही मी बोललो. म्हटलं, ‘‘मावशी, यापुढे मी फोनवर काही नाही म्हणालो तरी ऐकायचं नाही. पारा किती आहे ते मला सांगायचं. आणि १०० च्या वर असेल तर मी निघालोच आहे असं समजायचं.’’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘दादा, तवाच म्हणणार हुते. पण तुम्ही शिकलेली माणसं...’’

यावर काय बोलणार?

राहता राहिली ती प्रेझेंटेशन. त्या दिवशी मी सातव्या स्लाइडवर उठून गेलो असतो तर काय झालं असतं? दुसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर बॉसला सगळं खरं सांगितलं. तो दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, ‘‘अरे, मला सांगायचं ना. क्लायंटनेच अर्ध्यात आपल्या मुलाला शाळेतून आणायला ब्रेक घेतला होता, आठवतंय?’’ आठवलं. खासगी नोकरीत बापाला कायद्याने रजा नाही, हे खरंच आहे. पण मी तर मागितलीही नव्हती.

पुढच्या सोमवारी सकाळी अकराला मोबाइल पुन्हा थरथरला. पाळणाघर. पोटात गोळा आला. या वेळी लॅपटॉप बंद करतच फोन उचलला.

‘‘मावशी, किती आहे?’’

‘‘काय किती? ताप नाय हो! दादा, पेज भरवत हुते...’’ मावशींचा आवाज चढला होता, ‘‘आणि चमचा वाजला! टिक् करून! आला बघा दात!’’

कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या मी बायकोला फोन लावला. तिने विचारलं, ‘‘काय झालं?’’

म्हटलं, ‘‘काही नाही. दात आला.’’